आधी आवाज द्यायचा

मॅडमनी माझा पहिला व्हॉइस मेसेज जपून ठेवला होता. वर्षाच्या शेवटी त्यांनी तो मला परत पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं, नुसता मेसेज. मी फोन कानाला लावून ऐकला. आधी एक लांब गुणगुण ऐकू येते, जशी गावाबाहेर कुठेतरी जत्रा भरली असावी आणि वारा तिचा आवाज इकडे आणत असावा. मग कुणीतरी श्वास घेतं. मग पुन्हा तीच गुणगुण, आणि मेसेज संपतो. त्यात मी माझी ओळख करून दिली होती. नाव, गाव, वर्ग, आवड, सगळं बोलले होते, मला पक्कं आठवतं. पण ऐकू येतात त्या फक्त कोंबड्या.

हे लिहून काढावंसं वाटलं ते मॅडमसाठी. मला नीट सांगता येईल का, शंका आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात मोठी गोष्ट कोणती आणि साधी कोणती हे मला अजून ठरवता येत नाही. मॅडमनी जे केलं ते कदाचित सगळीकडे होत असेल. माझ्यासाठी ते मोठं होतं.

आम्ही नवापूरजवळ, गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका पोल्ट्रीत राहतो. पोल्ट्री शेठची. आईबाबा तिथे जोडीनं कामाला आहेत आणि शेडच्या शेजारची खोली आमची. गावचं घर डोंगराकडे आहे. भात लावायला आणि कापायला तिकडे जातो, रविवारच्या प्रार्थनेलाही जातो. बाकी आमचं सगळं त्या शेडच्या भिंतीला लागून चालतं.

शेडजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. कोंबड्या दचकल्या की एका कोपऱ्याकडे धावतात. पुढच्या कोंबड्या भिंतीला अडतात, मागच्या थांबत नाहीत. एकीवर एक चढत जातात आणि खालच्या गुदमरून मरतात. मी लहान असताना शेठकडे आलेला एक पाहुणा शेडच्या दाराशी उभा राहून फोनवर मोठ्यानं हसला होता. नुसता हसला. बाबा धावत आत गेले आणि दोन्ही हातांनी कोपऱ्यातला ढीग उपसायला लागले. मी जाळीतून बघत होते. बाहेर आल्यावर बाबांनी हात झटकले. शेठना हळूच म्हणाले, "शेठ, त्यांना जरा तिकडे न्या."

त्यामुळे आमच्याकडे भांडणसुद्धा हळू आवाजात होतं. आई चिडली की कुजबुजते, आणि ती कुजबुज फार लागते. मला बोलवायचं असेल तर हाक नाही, कुणीतरी येऊन खांद्याला हात लावतं. फक्त रविवारी प्रार्थनेला आई मोकळ्या गळ्यानं गाते. लहानपणी मला वाटायचं, देवाकडे जायचं म्हणून आईला त्या दिवसापुरता दुसरा आवाज मिळतो.

बाबांची शेडमध्ये जायची एक पद्धत आहे. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाराशी ठेवलेल्या चुन्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवायचे, दार किंचित उघडायचं आणि उंबऱ्याशी थांबायचं. पाऊल टाकण्याआधी आवाज द्यायचा. घशातून, खालच्या पट्टीत, "हो हो हो, आलो, आलो." मग थोडं थांबायचं. आतली गुणगुण जराशी बदलते. ती बदलली की आत. आत गेल्यावरही काहीबाही बोलत राहायचं, एकाच सुरात. "गप्प माणसाला त्या जास्त घाबरतात," बाबा सांगतात. "आवाज आधी गेला पाहिजे, माणूस मागून." मी हे रोज बघत आले होते. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ओळख करून द्यायला उभी राहिले तेव्हा सर पुढे झुकले, कानामागे हात धरला, आणि शेवटी म्हणाले, "बस, बस. लाजू नकोस." मी लाजत नव्हते. बोलले होते. पण वर्गानं मला लाजाळू ठरवलं आणि पुढे मलाही तेच सोयीचं वाटायला लागलं. लाजाळू मुलीला कुणी फार विचारत नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र ते महागात पडलं. लहान मुलांना वाचायला शिकवणारी एक संस्था आमच्या डोंगराकडच्या गावांसाठी ताई शोधत होती. मराठी यायला हवी आणि मुलांची घरची बोलीही. मला हे काम हवं होतं, आणि का हवं होतं तेही सांगते. मी पहिलीत गेले तेव्हा गुरुजी मराठीत बोलायचे आणि मला वाटायचं, शाळा म्हणजे न समजणारं ऐकत बसायची जागा. आमच्या बोलीत कुणी एकदा जरी सांगितलं असतं की हे 'झाड' म्हणजे आपलं अमुक, तर माझी दोन वर्षं वाचली असती. ते सांगणारी बाई मला व्हायचं होतं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. पलीकडे एक सर आणि एक बाई. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं.

"ताई, आवाज येत नाहीये. माइक चालू आहे का?"

"हो, चालू आहे."

"हॅलो? तुम्हाला आमचा आवाज येतोय? येत असेल तर हात वर करा."

मी हात वर केला. ते थांबले. माझे ओठ हलताना त्यांना दिसत होते. शेवटी त्या बाई फार समजुतीनं म्हणाल्या, "नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा हं." नेटवर्क चांगलं होतं. ते फक्त मला माहीत होतं.

त्याच सुमारास शेठनी बाबांना म्हटलं, "पोरीचं कॉलेज संपलं की तिलाही इथेच लाव. बाजूचं शेड सुरू करतोय, माणूस लागेलच." बाबा म्हणाले, "बघू, शेठ." मी ते दारातून ऐकलं. पोल्ट्रीतलं काम वाईट नाही, माझे आईबाबा तेच करतात. पण ते 'बघू' मग माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं. पुढच्या मुलाखतीत आवाज पोचला तर ताई, नाही पोचला तर बाजूचं शेड.

मॅडम आम्हाला तिसऱ्या वर्षी आल्या. संभाषण कौशल्याचा तास त्यांच्याकडे होता. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांच्या घरात मराठी बोलतात?" दोन-तीन हात वर झाले. "मग तुम्ही सगळे एक भाषा घरी ठेवून इथे येता," त्या म्हणाल्या. "तिला पण घेऊन या."

त्यांनी फोनवर एक ग्रुप केला. दर आठवड्याला एक विषय द्यायच्या आणि आम्ही त्यावर व्हॉइस मेसेज पाठवायचा. कागदावरून वाचायचं नाही. खोडून पुन्हा पाठवायचं नाही. त्यांचा स्वतःचा पहिला मेसेज मला आठवतो. त्या बोलत होत्या आणि मधेच कुकरची शिट्टी झाली. त्या थांबल्या, "हा आमचा भात," म्हणाल्या आणि पुढे बोलायला लागल्या. तो मेसेज त्यांनी तसाच ठेवला. मला वाटतं त्या एका शिट्टीनं अर्ध्या वर्गाची भीती गेली. मग कुणाच्या मेसेजमध्ये बकरी ओरडायची, कुणाच्या मेसेजमध्ये आजी विचारायची की कुणाशी बोलतेस.

मॅडम सगळ्यांचे मेसेज ऐकायच्या. आणि उत्तर लिहून नाही, बोलून द्यायच्या. प्रत्येकाला वेगळं. एवढा वेळ त्यांना कुठून मिळायचा, मला माहीत नाही. त्या 'चूक' हा शब्द वापरायच्या नाहीत. म्हणायच्या, "तू बाजारातल्या बाईबद्दल सांगत होतीस तिथे मी चालता चालता थांबले. त्यानंतर तू घाईत निघून गेलीस." यावरून आम्हाला कळायचं की काय जमलं आणि काय नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एक अॅप त्यांनी सगळ्यांना घ्यायला लावलं. आपण बोललो की ते आपलं बोलणं मराठीत लिहून दाखवतं. खाली एक हिरवी रेघ असते. आवाज पोचला की ती हलते, नाही तर सरळ पडून राहते. मॅडम म्हणाल्या, "मला तुमची दया येते, म्हणून मी न ऐकू आलेलंही समजून घेते. यंत्राला दया येत नाही. म्हणून आधी त्याच्याशी बोला." पण पुढे हेही म्हणाल्या, "त्यानं वेडंवाकडं लिहिलं तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. ते पण शिकतंय."

माझी रेघ हललीच नाही. मी खोलीत बसून बोलायचे आणि पडदा कोरा राहायचा.

तिसरी गोष्ट जोड्यांची. तापीकाठच्या एका कॉलेजातले सर मॅडमच्या ओळखीचे होते. दोघांनी मिळून त्यांच्या मुलांच्या आणि आमच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला सारंगखेड्याकडची एक मुलगी आली. घरी केळी आणि कापूस, आवाज खणखणीत. नियम असा होता की आधी थोडा वेळ प्रत्येकानं आपल्या बोलीत बोलायचं, समोरच्याला कळो न कळो, आणि मग तेच मराठीत सांगायचं. पहिल्या कॉलला मी बोलले आणि ती फोन कानाशी दाबून ऐकत राहिली.

"तुन्हा आवाज कथा गया व?" शेवटी तिनं तिच्या बोलीत विचारलं, म्हणजे माझा आवाज गेला कुठे. "मी नुसत्या कोंबड्याच ऐकी ऱ्हायनी."

मी म्हटलं, "त्या बाजूलाच आहेत."

"मंग त्यास्लेच बोलू दे. त्यास्नं नाव काय शे ते इचार." आणि हसली. "आमच्या घोड्यांच्या यात्रेत तुला घोड्याचा भाव सांगायला उभं केलं तर तू उपाशी मरशील."

"मी घोडा कशाला विकू?"

"हां, हे ऐकाले उनं. इतली हळू काब्र बोलस पन? जसं काही कोन्ही झोपेल शे."

"झोपलेल्या नाहीत," मी म्हटलं. "जाग्या आहेत, म्हणून तर."

तिला ते कळलं नाही, पण तिनं मला सोडलं नाही. दर वेळी कॉल लावला की आधी आल्याची वर्दी द्यायची, "कोंबड्यास्ले सांग, मी उनू." तिच्याइतकं चिडवणारं आणि तिच्याइतकं मन लावून ऐकणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं. आम्ही अजूनही एकमेकींना फोनवरच ओळखतो.

एक दिवस मॅडमचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन.

"तू घाबरतेस का गं बोलायला?"

"हो मॅडम." तेच उत्तर सोपं होतं.

"बरं. आणि मागे हे काय आहे? पहिल्या मेसेजपासून ऐकतेय. मला आधी पाऊस वाटला."

मी सांगितलं की पोल्ट्री आहे. त्यांनी विचारलं, एवढ्या कोंबड्यांत माणूस वावरतो कसा? मग मी शेडचं सांगितलं. ढिगाचं, पाहुण्याच्या हसण्याचं, आईच्या कुजबुजीचं, बाबा उंबऱ्याशी थांबून देतात त्या आवाजाचं. किती वेळ बोलले कळलं नाही. मधे मॅडम नुसत्या "हं" म्हणत होत्या.

"म्हणजे तू घाबरत नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तू सांभाळतेस."

हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःलाही म्हटलं नव्हतं.

"मोठ्यानं बोल असं मी तुला सांगणार नाही," त्या पुढे म्हणाल्या. "तुझे बाबा करतात तसं कर. आधी आवाज दे, थांब, समोरच्याला कळू दे की तू आलीयेस. मग बोल. आणि शेड रिकामं कधी असतं?"

तो प्रश्न मला सुचला नव्हता. शेड रिकामं असतं की. कोंबड्यांची बॅच विकून गेली की पुढची पिल्लं येईपर्यंत काही दिवस शेड धुतात, चुना मारतात, भाताचं तूस पसरतात. तेवढे दिवस आम्ही शेडजवळ कसेही बोलू शकतो. पण गंमत अशी की तेव्हाही आम्ही हळूच बोलतो. सवयीनं.

बॅच गेल्यावर मी बाबांना सांगितलं की मॅडमनी रिकाम्या शेडमध्ये बोलायचा सराव करायला सांगितलंय. बाबा चुन्याची बादली खाली ठेवून म्हणाले, "मग कर." शेड लांबच लांब आहे. मी दाराशी उभी राहिले, अॅप चालू केलं आणि फोन बाबांकडे दिला. ते तो हातात तबकासारखा धरून दुसऱ्या टोकाला गेले. बाबांना वाचता येत नाही. पण अक्षरं आली की नाही हे कुणालाही दिसतं.

मी बोलले. बाबांनी मान हलवली, नाही.

पुन्हा बोलले. नाही.

मग मी थांबले आणि आधी नुसता आवाज दिला. बाबांचाच, "हो हो, आले, आले." त्या रिकाम्या शेडमध्ये तो असा घुमला की मीच दचकले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मग त्याच पट्टीत मी माझी ओळख सुरू केली. ओरडले नाही. जसे बाबा बोलत राहतात तशी बोलत राहिले.

बाबांनी हात वर केला. "आली," ते म्हणाले. "अक्षरं आली."

त्यानंतर ते दिवस आम्ही असेच काढले. दुपारचं जेवण झालं की बाबा स्वतःच फोन मागायचे. पालथ्या बादलीवर बसून पडद्याकडे बघायचे. एकदा त्यांनाही बोलून बघावंसं वाटलं. ते आमच्या बोलीत काहीतरी बोलले आणि अॅपनं मराठीत भलतंच लिहिलं. मी वाचून दाखवलं. बाबांना ते आवडलं नाही.

"याला आपली भाषा येत नाही?"

"नाही."

"मग हे कसलं शिकलेलं?" फोन परत देत म्हणाले, "तुझ्या मॅडमला सांग, याला पण ग्रुपमध्ये घ्या."

मी खरंच सांगितलं. मॅडमनी तो मेसेज वर्गात ऐकवला आणि म्हणाल्या की यंत्राबद्दल इतकं नेमकं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी ते बाबांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी तूस पसरताना शीळ घातली. शेड रिकामं होतं म्हणून.

मी अर्ज पुन्हा केला. मुलाखतीची वेळ संध्याकाळची मिळाली. मॅडमनी कॉलेजातली एक खोली माझ्यासाठी उघडी ठेवायचं ठरवलं होतं, त्यांचा चांगला माइकसुद्धा आणून ठेवणार होत्या. तोवर नवी बॅच येऊन पिल्लांना पिसं फुटली होती. हेच वय दचकायचं. पण मी कॉलेजात असणार होते, त्यामुळे त्याची काळजी नव्हती.

त्या दिवशी सकाळी मी केस धुऊन बसले होते आणि मेसेज आला. काही अडचणीमुळे मुलाखती आत्ताच घेत आहोत, थोड्या वेळात तयार राहावं. नवापूरला जाणारी गाडी नुकतीच गेली होती. मॅडमना फोन लावला. "तिथूनच दे," त्या म्हणाल्या. "तिथे रेंज कुठे चांगली येते?"

रेंज खाद्याच्या खोलीत येते. आणि खाद्याच्या खोलीची भिंत म्हणजे शेडची भिंत. मधे जाळीची खिडकी, तिच्यावर पडदा.

मी बाबांना सांगितलं. आई म्हणाली, "हळूच बोल." मग तिच्या लक्षात आलं की हळू बोलून चालणार नाही आणि ती बाबांकडे बघायला लागली. बाबा दाराशी उभे राहून थोडा वेळ शेडकडे बघत होते. मला वाटलं ते नाही म्हणतील. म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. पक्षी मेले तर शेठना जाब त्यांनाच द्यायचा होता.

"मी आत जाऊन बसतो," बाबा म्हणाले. "मी बोलत राहीन. माझा आवाज त्यांना माहीत आहे. त्याच्याआडून तू बोल. एकदम सुरू करू नकोस, माझ्या मागून ये."

ते चुन्यात पाय बुडवून उंबऱ्याशी थांबले. हो हो हो, आलो, आलो. मग आत गेले. मी खाद्याच्या पोत्यावर फोन टेकवून बसले. भिंतीपलीकडून बाबांचं बोलणं यायला लागलं, संथ, एका सुरात. कॉल आला. तेच सर होते आणि त्याच बाई.

मी आधी नुसतं म्हटलं, "नमस्कार. मी आले." आणि थांबले. भिंतीपलीकडची गुणगुण जराशी बदलली. बाबांचा आवाज चालूच राहिला. मग गुणगुण पुन्हा खाली बसली.

"नमस्कार ताई," बाई म्हणाल्या. "आवाज छान येतोय."

मला रडू येईल असं वाटलं, पण तसं करायला वेळ नव्हता. त्यांनी विचारलं तसं सांगत गेले. शाळा, कॉलेज, मुलांना का शिकवायचंय. मी कुठेही घाई केली नाही. मॅडम म्हणायच्या ना, घाईत निघून जातेस, ते मनात होतं. मधेच त्या सरांनी विचारलं, "ताई, तुमच्या मागे अजून कुणी बोलतंय का?"

"माझे बाबा आहेत."

"ते तुम्हाला उत्तरं सांगतायत?"

असा प्रश्न येईल हे माझ्या मनात नव्हतं. एक क्षण मला वाटलं, संपलं. मग मी त्यांना सांगितलं. ही पोल्ट्रीची भिंत आहे, पलीकडे पिल्लं आहेत, मोठ्या आवाजानं ती एकमेकांखाली मरतात, म्हणून बाबा आत बसून त्यांच्याशी बोलतायत, म्हणजे मला तुमच्याशी बोलता येईल. सरांनी पुन्हा विचारलं, मग ते काय बोलतायत? मी म्हटलं, "आमच्या बोलीत आहे. ऐकू का?" आणि कान दिला. बाबा म्हणत होते, घाबरू नका, आपलीच पोरगी आहे, शाळेचं बोलतेय. मी ते आधी आमच्या बोलीत म्हणून दाखवलं, मग मराठीत सांगितलं.

त्या बाईंनी चष्मा काढला. सर म्हणाले, "आमच्या वर्गात तुम्हाला हेच करायचं आहे." त्यानंतर त्यांनी फार काही विचारलं नाही.

कॉल संपल्यावर मी जाळीवरचा पडदा हळूच बाजूला केला. बाबा तुसावर मांडी घालून बसले होते. पिल्लं त्यांच्या भोवती पसरून दाणे टिपत होती, एक मांडीवरही चढलं होतं. कोपरे मोकळे होते. बाबा अजून बोलतच होते, मी थांबले आहे हे त्यांना कळलं नव्हतं.

निवड झाल्याचा मेसेज आला तो मी आधी मॅडमना कळवला, बोलून. त्यांचं उत्तर आलं त्यात सुरुवातीला काहीच नव्हतं, नुसती कुकरची शिट्टी. मग त्या म्हणाल्या, "ऐकलं." एवढंच. त्यानंतर त्यांनी माझा तो पहिला मेसेज पाठवला. तापीकाठच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "आते घोडा इकाले चाल." मॅडमचे तास, तो ग्रुप, ती हिरवी रेघ, हे सगळं नसतं तर मी आजही लाजाळूच राहिले असते, आणि कुणालाच, मलाही, कळलं नसतं की मी लाजाळू नाही.

काही दिवसांनी शेठ आले. बाजूच्या शेडचं काम पूर्ण होत आलं होतं. मी दाराशी भांडी घासत होते. त्यांनी बाबांना पुन्हा विचारलं, "काय मग, पोरीला लावतोस ना?"

या वेळी बाबा 'बघू' म्हणाले नाहीत.

"ती बोलायच्या कामाला लागली, शेठ."

शेठ हसले. शेड जवळ होतं म्हणून हळूच हसले. "बोलायचं पण काम असतं काय रे?"

"असतं," बाबा म्हणाले. "आत बसून ऐकलंय मी."